रिव्ह्यूला उत्तर: वेळा चुकलेल्या नाहीत

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. भाषांतर नऊ दिवस उशिरा दिलं, ही चूक माझीच. मनापासून माफी मागते. पण "जर्मन पाणबुडीच्या रेडिओ नोंदवहीतल्या वेळा बेफिकिरीने टाइप केल्या, रात्रीचा हल्ला सकाळी दाखवला" हे वाचून झोप लागली नाही.

सर, मूळ पानावर तीच वेळ आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडी अटलांटिकमध्ये कुठेही असो, तिचं घड्याळ जर्मन वेळेवर चालायचं. १९४२ च्या सुरुवातीला तिला हुकूम यायचे ते फ्रान्समधल्या लोरियाँजवळच्या मुख्यालयातून. समुद्रभर पसरलेल्या प्रत्येक बोटीने आपापली स्थानिक वेळ लिहिली असती, तर कोणता संदेश आधीचा नि कोणता नंतरचा, याचा मेळच लागला नसता. त्यात एप्रिल १९४० मध्ये तासभर पुढे केलेली घड्याळं जर्मनीने नोव्हेंबर १९४२ पर्यंत मागे घेतलीच नाहीत, मधल्या हिवाळ्यांतसुद्धा नाही. त्यामुळे तुमच्या पानांवरच्या जानेवारी १९४२ मध्ये जर्मन घड्याळ न्यूयॉर्कच्या सात तास पुढे होतं. १४ जानेवारीला यू-१२३ या जर्मन पाणबुडीने लाँग आयलंडच्या दक्षिणेला 'नॉर्नेस' या टँकरवर टॉर्पेडो सोडला, तो जर्मन वेळेने सकाळी साडेआठच्या सुमारास. तिथे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, मिट्ट काळोख! तुमच्या पानांचंही तेच आहे. ती वेळ मी मनाने बदलली असती, तर तो कागदाशी खोटेपणा झाला असता.

उशिराबद्दल एकच सांगते. फोटो मोबाईलवर तिरपे काढलेले होते, पेन्सिलीची अक्षरं पुसट. सांकेतिक संदेश चार-चार अक्षरांच्या गटांत लिहिलेले. त्यातलं एकेक अक्षर नीट वाचावं लागतं. म्हणून तीनदा नवे फोटो मागितले, ते अकराव्या दिवशी आले. तुम्ही कामात असाल, समजू शकते. पण रिव्ह्यू लिहिण्याआधी एक फोन केला असतात, तर पाच मिनिटांत सगळं सांगितलं असतं.

वेळेबद्दलची टीप यापुढे पहिल्याच पानावर देऊ, बाकीही सुधारणा करतोच आहोत. तुमच्या फाइलमध्ये स्थानिक वेळेचा वेगळा रकाना जोडून ती पुन्हा पाठवते, पैसे न घेता. फक्त 'बेफिकिरीने' हा शब्द काढता आला तर बघा, सर. अठरा वर्षं घर याच कामावर चाललंय.