सागवानी रंगपेटीला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार मॅडम,

मेणवलीच्या घाटावर पोहोचल्यावर पेटीचं झाकण सरकेना आणि चित्राचा दिवस वाया गेला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण तुम्ही लिहिलंय, “प्लायला सागवानी पॉलिश मारून २,८०० रुपये उकळले.” हे मात्र जिव्हारी लागलं. झाकण अडकलं, रंगांवर बुरशी आली, हे तुमच्या फोटोंत दिसतंय, त्यावर वाद नाही. प्लाय आमच्या कारखान्यात येतच नाही. वडिलांच्या वेळेपासून सागाचंच काम आहे.

मॅडम, प्लाय असता तर झाकण अडकलंच नसतं. प्लायचे थर एकावर एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे दमट हवेतही त्याची रुंदी फारशी बदलत नाही. सलग लाकूड फुगतं, आणि तेही लांबीत नाही, रुंदीत. तुमच्या पेटीचं झाकण साडेपाच इंच रुंद, एकाच फळीचं आणि खाचेतून सरकणारं आहे. भर पावसाळ्यात ती फळी एखादा मिलिमीटर रुंदावली तरी खाचेत गच्च बसते. जुन्या घरांचे दरवाजे पावसात चौकटीला धरतात, तोच प्रकार. साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो म्हणूनच आम्ही तो वापरतो, पण अजिबात न फुगणारं लाकूड नसतं.

तुम्हीच टाकलेला दुसरा फोटो जरा मोठा करून बघा. झाकणाच्या आखूड कडेला बारीक कमानीसारख्या रेषा दिसतील. ती झाडाची वर्षावर्षाची वाढ. प्लाय असता तर तिथे पट्ट्या दिसल्या असत्या. पॉलिश मारून त्या कमानी उमटवता येत नाहीत.

आणि २,८०० रुपये नुसत्या पेटीचे नाहीत. त्यात १२ हाफ पॅन, म्हणजे जलरंगाच्या छोट्या डब्या, रंग भरून येतात. पॅनमध्ये भरलेला ट्यूबमधला रंग वाळला की आकसतो, म्हणून एक थर भरायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. पावसाळ्यात याला फार दिवस लागतात. हे सगळं घरातली माणसं हाताने करतात.

बुरशीबद्दल. तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत की आदल्या रविवारी मुळशीला भुरभुर पावसात चित्र काढलं, रंग ओले असतानाच झाकण लावलं आणि पेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर गाडीच्या डिकीत राहिली. जलरंगात डिंक असतो, पुष्कळदा मध किंवा ग्लिसरीनही. ओल कोंडली की त्यावर बुरशी धरते, रंग कितीही भारी असला तरी. “पेटी ओली बंद करू नका” असं कार्ड आम्ही प्रत्येक पेटीत ठेवतो. रिव्ह्यूत यातलं काहीच आलं नाही, म्हणून इथे लिहावं लागतंय. कालपासून फोन करणारा प्रत्येक जण आधी “प्लाय आहे का?” एवढंच विचारतो. आमचं पोट याच कामावर आहे. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण प्लायचं ते वाक्य तेवढं काढावं ही विनंती.

कार्डावरची अक्षरं मोठी करतोय, आणि पावसाळ्यासाठी झाकणाचंही काहीतरी बघतो आहोत.

तुमची पेटी घेऊन या, पॅन साफ करून देऊ, पैसे नकोत. तोवर झाकण पूर्ण काढून पेटी पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, फळी वाकते. वाळल्यावर झाकणाच्या दोन्ही कडांना मेणबत्ती घासा, सरकायला लागेल. एवढं मात्र पाळा, की आत्ता कुणाकडून कडेला रंधा मारून घेऊ नका. दिवाळीनंतर लाकूड आकसतं, मग तेच झाकण सैल होऊन पिशवीत आपोआप उघडेल.