४०६९ला थेट स्पीकर जोडू नका

‘डिजिटल चिपचा ॲम्प्लिफायर! ४०६९ आणि एक रेझिस्टर, बस्स. थेट स्पीकर जोडा. ट्यूबसारखा हाय-फाय आवाज. कुठलंही नॉट गेट चालेल.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्याकडे पोचला. ४०६९ म्हणजे सहा नॉट गेट (सिग्नल उलटा करणारे इन्व्हर्टर) असलेली सीमॉस चिप. पोरगा डिप्लोमाला आहे. तपकीर गल्लीतून चिप आणली, १२ व्होल्ट दिले, स्पीकर लावला. आवाज शून्य, चिपला बोट लावलं तर चटका!

आधी तो स्पीकरच घेऊ. सीडी४०६९यूबीची (हेच ४०६९चं पूर्ण नाव) डेटाशीट १० व्होल्टला, आउटपुट अर्धा व्होल्ट घसरू दिल्यावर, एका गेटमागे १.३ मिलीअँपची हमी देते. सहाही गेट समांतर जोडा, झाले जेमतेम ८ मिलीअँप. तेवढ्या शिखर-करंटला ८ ओहमच्या स्पीकरमध्ये पाव मिलीवॉट पडतो. ओढूनताणून चौपट करंट काढलात तरी ४ मिलीवॉट. एलएम३८६ ही साधी ऑडिओ ॲम्प्लिफायर चिप ६ व्होल्टवर ३०० मिलीवॉटच्या वर देते. शिवाय त्या एका रेझिस्टरने दिलेल्या बायसमुळे (सिग्नल नसतानाच्या ठरावीक व्होल्टेजमुळे) आउटपुट अर्ध्या सप्लायवर बसलेलं असतं. मधे कपॅसिटर न घालता स्पीकर ग्राउंडला जोडला की ते खाली खेचलं जातं, वरचा पी-मॉस (आउटपुटला सप्लायशी जोडणारा ट्रान्झिस्टर) सताड उघडतो आणि चिप स्वतःच हीटर होते. मेसेजमधल्या आकृतीत कपॅसिटर नाहीच. काढणाऱ्याने हे सर्किट कधी लावून तरी पाहिलं होतं का?

ॲम्प्लिफायर होतो, एवढं मात्र खरं, मान्य करावंच लागेल. नॅशनल सेमीकंडक्टरची १९७३ची एएन-८८ ही ॲप्लिकेशन नोट याच विषयावर आहे. इनपुट-आउटपुटमध्ये रेझिस्टर टाकला की सीमॉस इन्व्हर्टर आपोआप मधोमध बायस होतो आणि छोटा सिग्नल वाढवतो. प्रीॲम्प म्हणून, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी, खुशाल वापरा.

पण ‘कुठलंही नॉट गेट’ नाही. ७४एचसी०४ ही नॉट गेटचीच चिप, पण बफर्ड आहे, प्रत्येक गेटच्या आत एकामागे एक तीन टप्पे. बायस केलात तर बहुधा ऑसिलेट होईल, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल काढत बसेल. ७४एचसीयू०४ घ्या. तो ‘यू’ उगाच नाही, अनबफर्डचा आहे.

हाय-फाय? सप्लायमधली गुणगुण जवळपास अर्धी आउटपुटला येते, स्वतःचा खरखराट वेगळाच. ट्यूबचा आवाज म्हणाल, तर गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या फझ पेडलमध्ये ४०४९ (हीसुद्धा सहा नॉट गेटची चिप) वापरतात ते सिग्नलच्या विकृतीसाठीच.

न वापरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला बांधा, लोंबकळत ठेवू नका. आणि ४०४९ घेतलीत तर सप्लाय पिन १ला द्यायचा, १६ला नाही.