पास रशर की लाइनबॅकर? माझं मत ठरलेलं आहे

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा सोहळा) जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी फुटबॉलवेड्यांत दरवर्षी तोच वाद पेटतो. पहिल्या दहात पिक (निवडीचा नंबर) आहे, पास रशर आणि लाइनबॅकर दोघंही तोडीस तोड आहेत, तर उचलायचं कुणाला? माझं उत्तर पास रशर. लाइनबॅकरवाल्यांनी कमेंटमध्ये खुशाल तोंडसुख घ्यावं.

ज्यांचा या खेळाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पास रशर कडेने घुसून क्वार्टरबॅकला, म्हणजे समोरच्या टीमच्या पास फेकणाऱ्याला, बॉल फेकायच्या आत गाठतो. लाइनबॅकर त्याच्या मागे उभा राहून बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवतो, पास आला तर मागे सरकून तो झेलणाऱ्या रिसीव्हरवर पाळत ठेवतो. (कागदावर टी. जे. वॅट हा नावाजलेला खेळाडूसुद्धा लाइनबॅकरच आहे, काम मात्र रशरचं. या घोळात निम्मी भांडणं होतात.)

खरी मेख पैशात आहे. 2011 पासून नवख्याचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला त्यावर ठरतो, कुठल्या जागी खेळतो त्यावर नाही. पाचव्या नंबरचा रशर आणि पाचव्या नंबरचा लाइनबॅकर टीमला सारख्याच भावात पडतात. बाजारात मात्र बघा. 2025 मध्ये ग्रीन बेने मायका पार्सन्स या रशरला वर्षाला सरासरी 4 कोटी 70 लाख डॉलर कबूल केले, शिवाय डॅलसला दोन फर्स्ट राउंड पिक आणि केनी क्लार्क हा खेळाडू दिला. त्याच वर्षी लाइनबॅकर फ्रेड वॉर्नरचा करार झाला वर्षाला सरासरी 2 कोटी 10 लाखांचा. वॉर्नर! माझ्या मते आजचा सगळ्यात भारी लाइनबॅकर, आणि निम्म्याहून कमी भाव.

तो वॉर्नर 2018 ला 70व्या नंबरवर मिळाला होता. 2012 ला सिअॅटलने 15व्या नंबरवर ब्रूस इरविन हा रशर घेतला आणि 47व्यावर बॉबी वॅग्नर हा लाइनबॅकर. वॅग्नर कितीतरी मोठा खेळाडू निघाला, मान्य. पण तो दुसऱ्या फेरीत मिळाला, हेच तर मी म्हणतोय! झॅक बॉन तर सेंट्सकडे कडेला आणि स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या टीममध्ये) खेळत होता. 2024 मध्ये ईगल्सने त्याला एका वर्षाच्या स्वस्तातल्या करारावर आणून आत लाइनबॅकर म्हणून उभा केला आणि तो ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम टीममधला, झाला. असा चांगला रशर कुणी घडवून दाखवावा.

पार्सन्सचं नाव काढून मला गप्प करू नका. 2021 ला तो 12व्या नंबरवर लाइनबॅकर म्हणूनच आला, खरं आहे. पण डॅलसचा रशर डिमार्कस लॉरेन्सचा पाय मोडला, पार्सन्सला कडेला लावला, त्याने 13 सॅक काढले (पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला 13 वेळा पाडलं) आणि मग त्याला पुन्हा मागे न्यायची कुणाला गरज वाटली नाही.

राहिला लाइनबॅकर ल्यूक कीकली. 2012 चा नववा पिक, 2013 चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर. असा माणूस दिसला तर माझाही हात थरथरेल. पण सुपर बोल 50, म्हणजे लीगची ती अंतिम मॅच, आठवा. कीकली कॅरोलिनाकडे, समोर डेन्व्हरचा व्हॉन मिलर, 2011 चा दुसरा पिक. पहिल्या क्वार्टरमध्ये मिलर कडेने वळसा घालून आला आणि कॅरोलिनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातून बॉल ओढून काढला. बॉल एंड झोनमध्ये, वर मलिक जॅक्सन, टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच. बॉल जमिनीवर लोळतोय आणि न्यूटन झेपच घेत नाही. डेन्व्हर जिंकलं 24-10. एमव्हीपी (सामनावीर) मिलर. कीकली वाईट खेळला नाही हो, पण लाइनबॅकरने कितीही टॅकल केले तरी मॅच अशी दोन खेळ्यांमध्ये फिरत नाही.

हे सगळं वरच्या पिकसाठी. पंधराच्या पुढे गेलात की चांगले रशर बहुतेक संपलेले असतात आणि उरलेल्यांत नुसती उंची आणि चाळीस यार्डांचा वेग बघून भुलायला होतं. तिथे मी लाइनबॅकर घेईन. 2023 ला डेट्रॉइटने 18व्या नंबरवर जॅक कॅम्पबेल हा लाइनबॅकर घेतला तेव्हा बरेच जण हसले होते. मी त्यांच्यात नव्हतो.