मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास झालाय, अडलंय ते पुढेच

लोकल खोळंबली किंवा मेट्रोच्या कामापायी रस्ता तुंबला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा आशय असा: मुंबई महानगराच्या वाहतुकीचा अभ्यास कधी कोणी केलाच नाही. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, अधिकाऱ्यांनी एसी केबिनमध्ये बसून नकाशावर रेघा ओढल्या. प्रवाशांचे अंदाज म्हणजे निव्वळ थापा. सगळा कारभार एकाच संस्थेकडे दिला की प्रश्न मिटेल. आणि सामान्य माणसाला यात कोणी विचारत नाही.

यामागचा राग रास्त आहे. पण या मजकुरामुळे ज्यांना जाब विचारायला हवा तेच सुटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अभ्यास झालाच नाही’ हे सरळ खोटं आहे. १९६० च्या दशकात विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. खाडीवरून मुंबई आणि पलीकडची जमीन जोडणारा पूल तेव्हाच सुचवला गेला होता. अटल सेतू म्हणून त्याचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. १९९४ मध्ये ॲटकिन्स कंपनीचा अहवाल आला. २००५ ते २००८ या काळात ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा सर्वंकष अभ्यास झाला आणि पुढे २०४१ पर्यंतचा विचार करून तो पुन्हा अद्ययावत केला गेला.

असा अभ्यास कसा होतो हे फारसं कोणी सांगत नाही. नमुन्यात निवडलेल्या घराची कडी वाजवून माणूस आत येतो आणि घरातल्या प्रत्येकाचा आदल्या दिवसाचा हिशेब लिहून घेतो. किती वाजता निघालात, कुठे गेलात, कशासाठी, स्टेशनपर्यंत चालत की रिक्षाने, गाडी कुठे बदललीत, पैसे किती गेले. आजी भाजी आणायला कोपऱ्यावर गेली असेल तर तीही एक फेरी. त्याच सुमारास खाडीपुलांवर आणि नाक्यांवर माणसं बसून गाड्या मोजतात, म्हणजे घरोघरी मिळालेली उत्तरं रस्त्यावरच्या आकड्यांशी ताडून बघता येतात. मग कुठल्या भागातून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कशाने जातील आणि कुठल्या मार्गाने जातील, या क्रमाने गणित मांडलं जातं. ‘ट्रान्सफॉर्म’साठी साठ हजारांहून जास्त घरांत अशी विचारणा झाली. केबिनमध्ये बसून हे होत नाही.

आता त्या अभ्यासात काय निघालं ते बघा. चालत केलेल्या फेऱ्या वगळल्या तर सुमारे ५२ टक्के प्रवास लोकलने आणि २६ टक्के बसने. म्हणजे चारातले तीन प्रवास सार्वजनिक वाहनाने. चालणं धरलं तर निम्म्याच्या आसपास फेऱ्या नुसत्या पायी. एवढं समोर असताना फूटपाथांचं आणि बसचं काय झालं? बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांच्या वर बस होत्या, आता तीन हजारसुद्धा नाहीत. हे अभ्यास न झाल्यामुळे झालेलं नाही. अहवाल हातात होता आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त लोकांच्या उपयोगाचं काम बाजूला ठेवलं गेलं. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

त्यातूनच पुढचा मुद्दा निघतो. मजकूर लिहिणारे धरून चालतात की एमएमआरडीएच्या हातात सगळं आहे. १९७५ पासून हे प्राधिकरण आहे आणि आज त्याच्या हद्दीत नऊ महापालिका येतात. पण लोकल रेल्वेची. लोकलचा विस्तार एमआरव्हीसी या रेल्वे विकास महामंडळाकडे, ज्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के. बेस्ट मुंबई महापालिकेची, सागरी किनारा मार्गही तिचाच. वांद्रे-वरळी सी लिंक रस्ते विकास महामंडळाची, नवी मुंबईची मेट्रो सिडकोची, कुलाबा ते सीप्झ मेट्रो तिसऱ्याच कंपनीची. एमएमआरडीएचा पैसा मोठ्या प्रमाणावर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जमिनींतून आला. मग जे तिला स्वतः बांधता येतं ते ती बांधते: मेट्रो, पूल, स्कायवॉक. बस चालवणं तिच्या वाट्याला येतच नाही.

याचा परिणाम अंधेरीला दिसतो. मेट्रो ७ चं गुंदवली आणि मेट्रो १ चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे ही दोन स्टेशनं एकमेकांना खेटून आहेत. तरी एकातून गेटाबाहेर पडायचं, पादचारी पूल ओलांडायचा आणि दुसऱ्याच्या गेटात नव्याने शिरायचं. दोन्ही मार्ग नकाशावर एकाच जाळ्याचे, पण चालवणारे वेगळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं आणि अकरा सेवांचं तिकीट एका जागी मिळू लागलं, ही चांगली गोष्ट झाली. पहिली मेट्रो धावल्यानंतर अकरा वर्षांनी झाली.

प्रवासी अंदाजांबद्दल मजकुरात थोडं तथ्य आहे. मोनोरेलचं समर्थन मी करणार नाही, तो मार्ग आणि ते वाहन दोन्ही निवडणं चूक होती. पण मेट्रोचा अंदाज पूर्ण जाळं धरून काढलेला असतो. बाकीचे मार्ग सुरू आहेत, स्टेशनखाली बस उभी आहे, भाडं अमुक आहे, अशी गृहीतकं त्यात असतात. दोन मार्ग उघडले, बस नाही, फूटपाथ खोदलेला, आणि मग आकडा कमी आला म्हणून गणिताला थापा म्हणणं बरोबर नाही. गृहीतकं कोणी पूर्ण केली नाहीत ते विचारा.

‘एकाच संस्थेकडे द्या’ हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. मुंबईसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण २००८ मध्येच स्थापन झालं, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. ते शासन निर्णयाने आलं, त्यामागे कायदा नव्हता, स्वतःचा पैसाही नव्हता. त्याचं ऐकणं कोणावर बंधनकारक नव्हतं आणि कोणी ऐकलंही नाही. चेन्नईने यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला, तरी तो अमलात यायला २०१९ उजाडलं. लंडनचं उदाहरण सगळे देतात, पण तिथली संस्था निवडून आलेल्या महापौराला उत्तरदायी आहे आणि बसचे मार्ग, भाडी तीच ठरवते. इथे ते दोन्ही सोडून नुसता फलक बदलला तर आणखी एक कार्यालय वाढेल, बस वाढणार नाहीत.

शेवटचा मुद्दा, सामान्य माणसाला विचारत नाहीत हा. महानगरात कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक योजनेचा मसुदा कायद्याने प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. २०१६-३६ च्या योजनेवर वसईतून मोठ्या संख्येने हरकती गेल्या होत्या. वाहतुकीच्या सर्वंकष अभ्यासाला मात्र तशी सक्ती नाही. तो सल्लागार तयार करतो, प्राधिकरण स्वीकारतं आणि त्यातूनच हजारो कोटींचे प्रकल्प निघतात. इथे तक्रार खरी आहे, आणि मागणी नेमकी करता येते: पुढच्या अभ्यासाचा मसुदा मराठीत, प्रभागनिहाय आकड्यांसह प्रसिद्ध करा, त्यावर सुनावणी घ्या, आणि त्यात नसलेला प्रकल्प मंजूर करताना कारण लेखी द्या.