गिरणी कामगारांनी नेमके कुणाचे पैसे खाल्ले?

शनिवारी रात्री माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘मुंबईच्या गिरण्या नफ्यात होत्या, संपाने बुडवल्या. त्या वाचवायला सरकारने कोट्यवधी ओतले, ते कामगारांनी बसून खाल्ले. आता त्यांनाच मुंबईत फुकट घरं.’ त्या ग्रुपवर माझे वडीलही आहेत, म्हणजे त्याचे आजोबा. वय ८१. लालबागच्या एका मिलमध्ये एकोणीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर काढली, त्यातली पहिली सात बदली कामगार म्हणून, कायम माणूस नसेल तेव्हाच काम. त्यांनी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि झोपायला गेले. भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे, शिकलेला आहे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी ‘नफ्यात होत्या’. आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९७४चा कायदा काढून बघा. त्याच्या परिशिष्टात १०३ गिरण्यांची यादी आहे आणि उद्देशातच लिहिलंय की या गिरण्यांची पुनर्रचना आणि पुनर्वसन करायचं आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधीच केंद्र सरकारने या गिरण्या आजारी ठरवल्या होत्या. यादीत मुंबईच्या इंडिया युनायटेड, ज्युपिटर, दिग्विजय आहेत, तशीच नागपूरची मॉडेल मिल, अकोल्याची सावतराम आणि बार्शीची बार्शी टेक्स्टाइलही आहे. परळच्या संपाचा बार्शीच्या गिरणीशी काय संबंध? मालकांनी जुनी यंत्रं तशीच रेटली, कमावलेला पैसा दुसऱ्या धंद्यांत वळवला, शेजारी भिवंडीचा यंत्रमाग स्वस्तात कापड काढू लागला. दुखणं हे होतं.

संपाने काहीच नुकसान केलं नाही, असं मी म्हणणार नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर बसली. वेळेवर तडजोड झाली नाही, आणि तोवर मालकांनी आपलं काम यंत्रमागांकडे वळवलं होतं. डळमळणाऱ्या गिरण्या त्याने लवकर पडल्या. हे वडीलही मान्य करतात.

पण ‘बसून खाल्ले’ हे वाक्य मला सोडवत नाही.

सरकारी पैसा कुठे गेला ते बघू. १९८६चा ७५० कोटींचा आधुनिकीकरण निधी गिरण्यांना यंत्रांसाठी कर्ज म्हणून होता. १९९९ची तंत्रज्ञान सुधारणा योजना म्हणजे यंत्र घेणाऱ्याच्या कर्जावरच्या व्याजात सवलत. यातला रुपयाही कामगाराच्या खात्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. कामगाराच्या नावाने निघाली ती १९८६चीच पुनर्वसन योजना: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५, मग बंद. तीही १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांपुरती. संपात ज्याची नोकरी गेली आणि ज्याची मिल मात्र पुन्हा सुरू झाली, तो त्यात बसतच नव्हता. माझे वडील बसले नाहीत.

सरकारने ताब्यात घेतलेल्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या; त्यांत तोटा झाला, हे खरं. साचे बंद असताना पगार द्यावे लागले, हेही खरं. पण नवी यंत्रं आणणं, वेळेवर कापूस घेणं हे कामगाराच्या हातात नव्हतं. खाजगी गिरण्यांवरचं कंट्रोलच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या स्वस्त दराच्या कापडाचं ओझं १९७८मध्ये उतरलं, आणि या सरकारी गिरण्या मात्र ते स्वस्त कापड काढत राहिल्या. ते धोतर, ती साडी गरिबाघरी गेली. तोटा मांडताना हे कुणी मांडत नाही.

नंतर या गिरण्या सावरायची जी योजना आली, तिचा पायाच मुळी जमीन विकणं हा होता. २००५मध्ये लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ ही ४२१ कोटींना. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. कामगारांच्या घरांची जागा तिथेच आटली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. कुणी खाल्लं हे शोधायचंच असेल तर इथून सुरुवात करा.

वडिलांना आज डाव्या कानाने ऐकू येत नाही. पाळीभर शेकडो साच्यांचा खडखडाट, बोलायचं ते खुणांनी. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यायचा, कापसाची पूड घशात. तो माणूस बसून खात होता?

राहिली फुकट घरं. म्हाडाच्या २०१२च्या सोडतीतलं घर साडेसात लाखांना होतं, नंतरची मुंबईतली साडेनऊ लाखांना. अर्ज आले दीड लाखाच्या आसपास, आणि २०१२ला घरं निघाली सात हजारांहूनही कमी. वडिलांचं नाव लागलं नाही. त्यांच्या अर्जाची पावती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. भाच्याने रविवारी घरी यावं, आजोबांशेजारी बसून ती पावती बघावी, आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे तिथे हेही पाठवावं.