साके म्हणजे तांदळाची व्होडका नाही हो
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की जपानची साके म्हणजे तांदळाची व्होडका, कडक गरम करून एका घोटात मारायची. दोन्ही चूक. साके भट्टी लावून काढत नाहीत, भातावर कोजी नावाची बुरशी वाढवून आंबवतात, अल्कोहोल साधारण 15-16 टक्के, व्होडकाच्या निम्म्याहूनही कमी. गरमचं म्हणाल तर काही जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेल्या साके, कोमट छानच लागतात, पण दाइगिंजो या उंची साकेसाठी तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहून कमी ठेवतात, एवढी मेहनत त्या वासासाठीच ना, पिकलेल्या खरबुजासारखा, कधी सफरचंदासारखा, आणि कडक तापवली की तोच उडून जातो! ती 10 डिग्रीच्या आसपास थंड करून वाइनच्या ग्लासात ओता, आधी वास घ्या, मग छोटा घोट, जिभेवर जरा थांबवा, मागाहून पेजेसारखा हलका गोडवा येतो.