‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

‘मेंदूची शिल्लक’ या माझ्या मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या तिथं दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण ते दोन ओळींत मावेना. लेखाचा मुद्दा असा होता: शिक्षणानं मेंदूत एक शिल्लक साठते आणि तिच्या जोरावर, आत स्मृतिभ्रंशाचा आजार पसरला तरी तो बाहेर दिसायला वेळ लागतो. त्यावरची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिक्षण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला म्हणजे एकामुळे दुसरं टळतं असं होत नाही, शिकलेल्यांकडे पैसा असतो, उपचार असतात, मुळात बुद्धीही जास्त असते, कोडी सोडवून काही होत नाही हे सिद्ध झालंय, दोन भाषा येण्याचा फायदाही पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “असले लेख म्हणजे शिकल्यासवरल्यांनी आपलीच पाठ थोपटून घ्यायची सोय. ज्यांच्या घरात हा आजार शिरलाय त्यांना विचारा जरा.”

मग विचारा की. मलाच विचारा.

आधी चुकीचं. लेखात मी लिहिलं होतं की नन, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, यांच्या स्मृतिभ्रंशावरच्या अभ्यासात ६७८ जणींनी तरुणपणी लिहिलेली आत्मवृत्तं तपासली. ६७८ हा अभ्यासात भाग घेतलेल्या सगळ्या ननचा आकडा आहे. ज्या विश्लेषणाबद्दल मी लिहीत होते त्यात ९३ जणींची आत्मवृत्तं होती. तुम्ही दाखवलंत, मी दुरुस्त केलं, आभार. शीर्षकाखालच्या ओळीत ‘स्मृतिभ्रंश टाळणारी शिल्लक’ असं होतं, तिथं ‘लांबवणारी’ हवं. एका शब्दाचा फरक, तोही बदलला. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. तुम्हाला वाटतो का, ते पुढच्या प्रतिक्रियेत कळेलच.

आता ‘पाठ थोपटण्या’बद्दल. मुद्दा खोडायचा तर खोडा, पण लिहिणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं ते कशाच्या जोरावर? माझ्या घराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर त्याला नाव स्पष्टवक्तेपणा.

माझी आई शाळेत गणित शिकवायची. एकाहत्तराव्या वर्षी ती त्याच त्या गोष्टी विचारायला लागली, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीस गुणांची चाचणी घेतली. त्यात शंभरातून सात वजा करत जायचं असतं. पाचदा केलं की पुरे. आई दोनपर्यंत पोचली आणि डॉक्टरांना म्हणाली, “पुढे ऋण संख्या चालतील ना?” तीसपैकी एकोणतीस गुण. डॉक्टर हसले. वयोमानानं होतं, काळजी करू नका, म्हणाले. तारखेचा एक गुण गेला होता, तर त्यावरही तिचं उत्तर तयार: “रिटायर माणसाला तारीख कशाला हवी?” आम्हीही हसलो.

पुढे दीड वर्षानं तिच्या उशीखाली एक वही सापडली. पहिल्या पानावर माझ्या नवऱ्याचं नाव, आणि पुढे कंसात ‘जावई’. खाली नातवंडांची नावं, कोण कोणाचं ते बाण काढून. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, त्याची आकृती. सुबक अक्षरात, समासासकट. आम्ही ‘वयोमान’ म्हणत हसत होतो तेव्हा ती रोज रात्री अभ्यास करून दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेला बसत होती. निदान झालं आणि त्यानंतरच्या चौदा महिन्यांत सगळं कोसळलं. इतकं भराभर, की आम्हाला वाटलं निदानच चुकलंय.

हे ‘पाठ थोपटणं’ वाटतं तुम्हाला?

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, असं लिहायला तुमची बोटं शिवशिवत असतील. थांबा, पुरावाही देते. कोलंबिया विद्यापीठाचे याकोव्ह स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. वरवर सारख्याच आजारी दिसणाऱ्या रुग्णांत, जे जास्त शिकलेले त्यांच्या मेंदूच्या मागच्या बाजूच्या भागांत रक्तप्रवाह जास्त खालावलेला होता. म्हणजे आत आजार बराच पुढे गेलेला, बाहेर तो दिसत नव्हता इतकंच. पुढे १९९९ मध्ये त्यांनीच दाखवलं की एकदा निदान झालं की जास्त शिकलेल्यांची स्मृती अधिक वेगानं घसरते. साठा असेपर्यंत मेंदू दुसऱ्या वाटांनी काम भागवतो. साठा सरेपर्यंत नासधूस इतकी झालेली असते की उतारावर पाय ठरत नाही. माझ्या लेखात हे तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोचला नसाल.

ही कल्पना निघाली तीच मुळी अशा न जुळणाऱ्या हिशेबातून. १९८८ मध्ये कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंचं शवविच्छेदन केलं. त्यात दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण हयातीत डोकं शाबूत. त्यांचे मेंदू वजनाला जास्त होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. आजार झालाच नाही असं यात कुणी म्हणत नाही. आजार होता, माणूस त्याला पुरून उरला. शिकलेल्यांना अल्झायमर होत नाही असं मी लिहिल्याचं तुम्ही गृहीत धरलंत आणि साप साप म्हणून भुई धोपटत बसलात.

पैशाचं म्हणाल, तर ननचा अभ्यास लेखात घेतला तो त्याचसाठी. डेव्हिड स्नोडन यांनी तो अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू केला. सारख्याच शिस्तीत राहणाऱ्या, सारखं खाणाऱ्या, सारखे उपचार मिळणाऱ्या बायका. खासगी मिळकत कुणाचीच नाही. तरीसुद्धा साधारण बाविसाव्या वर्षी लिहिलेल्या आत्मवृत्तात ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी (ठरावीक शब्दांत किती विचार मांडले ते) कमी होती, त्यांची आकलनशक्ती म्हातारपणी जास्त खालावलेली दिसली. मुळातल्या बुद्धीचा मुद्दा यातून सुटत नाही म्हणता? नसेल सुटत. त्यावर तज्ज्ञांचाच वाद चालू आहे, चालू द्या.

कोड्यांवर मी अख्ख्या लेखात एक वाक्य लिहिलं, तेही गमतीनं, आणि तुम्ही त्यावर २०१८ चा स्कॉटलंडमधला अभ्यास आणून आदळलात. अकराव्या वर्षी बुद्धिमत्ता चाचणी दिलेले, १९३६ मध्ये जन्मलेले ४९८ जण. डोक्याला खुराक देणारे छंद असलेल्यांची घसरण इतरांपेक्षा मंद नव्हती, फक्त सुरुवात वरून होती. अगदी बरोबर. अहो, पण वरून सुरुवात होणं यालाच तर मी शिल्लक म्हणतेय! वरच्या पायरीवरून उतरणारा त्याच वेगानं उतरला तरी तळाला उशिरा पोचतो.

दोन भाषांबद्दल नंतर कधीतरी. हैदराबादच्या दवाखान्यातल्या ६४८ रुग्णांत, दोन भाषा येणाऱ्यांना स्मृतिभ्रंश एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला होता, २०१३ मध्ये. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत तसं दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

आणि हो, “अशानं रुग्णालाच दोष देता” असंही मध्येच एक वाक्य आहे तुमचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये चौदा कारणं सांगितली आहेत, जी आयुष्यभरात दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे ४५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण टळू किंवा लांबू शकतील. त्यात लहानपणी शाळा न मिळणं आहे, ऐकू कमी येणं आहे, हवेचं प्रदूषण आहे. ज्या मुलीला शाळेतच घातलं नाही तिला मी कशाला दोष देईन? (ऐकण्याचं मात्र आईला मी शंभरदा सांगितलं. यंत्र लाव म्हटलं की म्हणायची, “मला हवं तेवढं ऐकू येतं.”)

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघातिघांनी मला कळवलं. काढणार नाही. तिथंच राहील, पाठ थोपटण्याच्या वाक्यासकट. ते मागं घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पुन्हा लिहाल तेव्हा तिसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करा.